यादीत नसलेलं मीठ

१२ डिसेंबर, शुक्रवार, सकाळी सव्वासात. उस्मानपुरा, आमच्या इमारतीसमोरचा रस्ता.

हजर: मी, हातात दुधाची पिशवी. भाजीवाला. त्याच्या हातगाडीवर फ्लॉवरचे गड्डे, पन्नासाच्या आत. गाडीखाली तोडून टाकलेल्या पाल्याचा ढीग. ढिगात तोंड खुपसून उभी असलेली एक काळी शेळी. शेळीमागं तिची म्हातारी मालकीण, हातात दोरी.

गैरहजर: रझियाआपा.

फ्लॉवरच्या ओल्या पाल्याला एक वास असतो. ताजा असताना तो हिरवा, थोडा तिखट असतो; दुपारपर्यंत त्यात गंधकासारखं काहीतरी मिसळतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या भांडारात मी सव्वीस वर्षं काम करते आहे, त्यामुळे गंधक मला डोळे मिटूनही ओळखता येतं. पण दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात तो वास मला फक्त हिरवा वाटत होता. स्वच्छ, पौष्टिक आणि फुकट.

शेळी पाला कचाकचा खात होती. मी तिच्या गळ्याकडे पाहिलं. आता सवयच लागली आहे, शेळी दिसली की आधी गळा बघायचा. मग मालकिणीला विचारलं, "मावशी, हिला मीठ देता का?"

म्हातारीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्हाला काय करायचंय?"

"रोज हाच पाला घालू नका एवढंच. आणि मीठ द्या. पुडीतलं, आपण खातो ते."

"चल गं," ती शेळीला म्हणाली आणि दोरी ओढून निघाली. चार पावलांवर जाऊन एकदा मागं वळून पाहिलं. मी तिच्या शेळीवर डोळा ठेवून आहे, असं तिला वाटलं असणार. तिच्या जागी मी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. दोन वर्षांपूर्वी तर मी ते वहीत लिहूनही ठेवलं असतं.

बिडकीनच्या अलीकडे आमची वडिलोपार्जित पाऊण एकर जमीन आहे. भाऊ मिलिंद आणि मी मिळून तिथं पत्र्याचा गोठा बांधला आणि अकरा शेळ्या घेतल्या. आमच्या घराण्यात कुणी स्वतःचं जनावर बांधलं नव्हतं. आजोबांनी दुसऱ्यांची गुरं राखली, वडिलांनी शिकून नोकरी धरली. त्यामुळे हा गोठा म्हणजे माझ्या मनात एक ठरवलेली गोष्ट होती आणि ठरवलेली गोष्ट मी नीटच करते. शेळ्यांच्या कानांत मी एक ते अकरा नंबरचे बिल्ले लावले. पण मी राहते शहरात आणि मिलिंद दिवसभर बाहेर. रोजचं बघायला कुणी तरी हवं होतं.

मिलिंदनं रझियाआपाचं नाव सांगितलं. बिडकीनचीच, साठीला आलेली, नवरा गेलेला, मुलगी लग्न होऊन दूर. शेळ्यांतच जन्म गेलेला. आमच्याकडे अर्धेलीची रीत आहे: शेळी एकाची, राखणारा दुसरा, होतील त्या करडांत दोघांचा निम्मा निम्मा वाटा. आपा अर्धेलीवर आली. पहिल्याच दिवशी तिनं माझे अकरा बिल्ले पाहिले आणि हसली. "नंबर कैदी लोगां को देते शोभाबाई. बकरीला नाव लागतंय." संध्याकाळपर्यंत अकराही जणींना नावं मिळाली होती. माझी चार नंबर तिची मुन्नी झाली, नऊ नंबर काजल. या दोघी तिच्या जास्त लाडक्या. त्या तिच्या मागं मागं बांधावरून फिरायच्या.

मी गोठ्याच्या दाराला आतून यादी चिकटवली होती. सकाळी किती चारा, दुपारी किती पाणी, झाडणं कधी, चुना कधी. आपाला मराठी वाचता येत नव्हतं. मिलिंदनं तिला यादी एकदा वाचून दाखवली आणि तिनं ती पाठ केली. शनिवारी मी गेले की ती हात बांधून उभी राहायची आणि पाढ्यासारखी म्हणून दाखवायची. मला तेव्हा वाटायचं, ती मान देते आहे. आता वाटतं, ती मला चिडवत असावी.

दिवाळी झाली आणि फ्लॉवरचा हंगाम सुरू झाला. मिलिंदचा टेम्पो आहे. देवगाव रंगारीकडच्या शेतांतून तो फ्लॉवर आणि कोबी भरून शहरात मंडईला आणतो. परत जाताना टेम्पो रिकामाच असायचा. "आक्का," तो फोनवर म्हणाला, "मंडईत पाल्याचे डोंगर पडलेत. लोकं फेकून देतेत. भरून नेऊ का गोठ्यावर?"

मी यादी नव्यानं लिहिली. फ्लॉवर-कोबीचा पाला, सकाळ-संध्याकाळ, पोटभर. कडबा जवळजवळ बंद. त्याच बैठकीत आणखी एक ओळ खोडली. आपा रोज संध्याकाळी शेळ्यांना तळहातावर मीठ चाटवायची. मिठानं त्या जास्त पाणी प्यायच्या, जास्त पाणी प्यायल्या की गोठा ओला राहायचा, ओल्या गोठ्यात खुरं बिघडतात. मी लिहिलं: मीठ बंद. यादीबाहेर काहीही देऊ नये.

"मीठ बी बंद?" आपानं विचारलं.

"बंद."

"जनावर हाय शोभाबाई. जिभेला कायतरी लागतंय त्याच्या."

"पाला एवढा गोड आहे. लागेल जिभेला."

ती मुन्नीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थंडी वाढली तसा तो गोठा बघण्यासारखा झाला होता. सकाळच्या उन्हात पाल्याचा ढीग वाफाळायचा, पांढरट हिरव्या देठांवर दव असायचं, अकरा तोंडं एका लयीत हलायची. मी फोटो काढून कॉलेजातल्या मैत्रिणींना पाठवायचे. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. त्यात कोपऱ्यात आपा उभी आहे, ओढणीचं टोक मुठीत धरलेलं. ओढणीच्या टोकाला गाठ आहे. तेव्हा मला ती दिसली नव्हती.

डिसेंबर संपत आला तरी शेळ्या माजावर येईनात. आमच्या या जातीची शेळी अठरा ते एकवीस दिवसांनी माज दाखवते. शेपटी फडफडवते, ओरडते, बोकडाकडे मान वळवते. वहीत प्रत्येकीपुढं तारखा लिहायचा रकाना होता. रकाने कोरे होते. शेळ्या जाड दिसत होत्या, पण सुस्त. केस राठ झाले होते. ऊन अंगावर आलं तरी उठायला तयार नसायच्या.

मग मी संशयाला सुरुवात केली. तेही पद्धतशीर. पहिला संशय बोकडावर. दुसऱ्या गावाहून बोकड आणला, त्यालाही कुणी भीक घातली नाही. दुसरा संशय पाण्यावर. हापशाचं पाणी बाटलीत भरून कॉलेजात नेलं आणि रसायनशास्त्राच्या सरांकडून तपासून घेतलं. पाणी ठीक निघालं. तिसरा शेजारच्या शेतात फवारणी करणाऱ्यावर, त्याला जाऊन दोन प्रश्न विचारले, त्यानं चार विचारले. प्रत्येक नावावर मी काट मारत गेले. शेवटी यादीत एकच नाव उरलं, आपाचं. चाऱ्याचं नाव मी लिहिलंच नव्हतं, कारण चारा मी ठरवला होता.

जानेवारीतल्या एका बुधवारी मी रजा टाकली आणि न कळवता गेले. स्कूटर लांब रस्त्यावर ठेवली आणि बाभळीमागं उभी राहिले. संध्याकाळचे पाच वाजले असतील. आपा गोठ्यातून बाहेर आली, इकडं तिकडं पाहिलं, आणि खाली बसून ओढणीची गाठ सोडली. तळहातावर काहीतरी पांढरं ओतलं. मुन्नी आणि काजल धावत आल्या आणि तिचा हात चाटू लागल्या. बाकीच्या नऊ जणी आत बांधलेल्या. ती हळू आवाजात बोलत होती, "बस कर गं, बस, घरातली पुडी सरली तर मी काय खाऊ."

मी घरी येऊन वहीत लिहिलं: पांढरी पूड. फक्त चार आणि नऊ. लपून.

भांडारात नाव नसलेली बाटली दिसली तर मी मुलांना ओरडते. आधी विचारा, मग लिहा, असं सव्वीस वर्षं सांगते आहे. त्या दिवशी मी विचारलं नाही. पुरावा गोळा करायचा होता.

पुरावाही मिळाला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला मुन्नी माजावर आली, आठवड्यानं काजल. बाकीच्यांचं काही नाही. त्याच आठवड्यात दोन नंबर, जी पावसाळ्याच्या शेवटापासून गाभण होती, व्याली. दोन करडं, दोन्ही मेलेली. अंगावर केस नव्हते, गुळगुळीत, आणि गळ्याखाली लिंबाएवढ्या गाठी. आपानं ती पोत्यात गुंडाळली. मी दोन नंबरचा गळा पाहिला, मग इतरांचे. पाच जणींच्या गळ्याखाली सूज होती.

"दोरी आवळून बांधतेस का?" मी विचारलं.

"मी?" ती म्हणाली. "मी दोरी आवळीन?"

पोटातल्या करडाला कुणी दोरी बांधत नाही, एवढं साधं मला त्या क्षणी सुचलं नाही. निम्मी करडं तिची होणार होती, म्हणजे मेलेल्या त्या दोनांपैकी एक तिचं होतं, हेही सुचलं नाही. मला सगळं जुळल्यासारखं वाटत होतं. लाडक्या दोघी ठीक, बाकीच्या बिघडलेल्या, आणि ओढणीत पांढरी पूड.

त्या दुपारी मी बिडकीनच्या गिरणीत गेले. शनिवार होता, ज्वारी दळायला चौघी बायका रांगेत होत्या. त्यातली एक म्हणाली, "कशा हायेत शेळ्या?" आणि मी सांगितलं. आपा काहीतरी खाऊ घालते. आपल्या दोघी सोडून बाकी सगळ्या वांझ करून ठेवल्या. गिरणीच्या आवाजात मला ओरडून बोलावं लागलं. मधेच पट्टा थांबला आणि शेवटचे तीन शब्द मोकळ्या शांततेत पडले.

मी गोठ्यावर परत पोचायच्या आधी ते तिच्यापर्यंत पोचलं होतं. ती दारात उभी होती.

"क्या बोले तुम गिरणी में?"

"ओढणीत काय असतं, आपा?"

"नमक हाय."

"यादीत मीठ नाही."

"म्हणून तर छुपके देते. तुम्ही मना केलं व्हतं ना." तिनं गाठ सोडली आणि ओढणीचं टोक माझ्यासमोर झटकलं. दोन-चार पांढरे खडे आणि भाकरीचा चुरा जमिनीवर पडला. "घ्या बघून. काय चोरून नेते ते बघून घ्या." चावी यादीखालच्या खिळ्याला अडकवली आणि गेली. मुन्नी तिच्या मागं फाटकापर्यंत ओरडत गेली.

ते खडे मी बोटानं उचलून जिभेवर ठेवले असते तर गोष्ट तिथंच संपली असती. मी झाडू घेतला आणि झाडून टाकले.

मार्चमध्ये सहा नंबरची शेळी विहिरीच्या कठड्यावरून पडून मेली. गावच्या जनावरांच्या दवाखान्यात नुकतीच नवी डॉक्टर आली होती, तिशीची बाई, बूट चिखलात घालायला न घाबरणारी. तिनं मेलेल्या शेळीचा गळा चाचपला आणि म्हणाली, "शोभाताई, उघडून बघू का? मला पडण्यापेक्षा हे जास्त विचित्र वाटतंय."

मला तिच्यावरही संशय आला होता, हे इथं लिहून ठेवते. वाटलं, शिकाऊ आहे, हात साफ करून घेतेय.

तिनं श्वासनळीच्या दोन्ही बाजूंना असलेले दोन गोळे काढले. लालसर, फुगलेले. "ही थायरॉइड. हिला काम करायला आयोडीन लागतं. ते मिळालं नाही तर ती बिचारी वाढत जाते, जास्त राबते आणि हाती काही लागत नाही. काय खायला घालता?"

मी दारावरची यादी दाखवली. तिनं वाचली. पाल्याच्या ओळीवर बोट ठेवलं. "कधीमधी ठीक. पण चार महिने हाच पाला, पोटभर? यात एक द्रव्य असतं, ते आयोडीन ग्रंथीत शिरू देत नाही." बोट खाली सरकलं. "आणि मीठ बंद. म्हणजे पुडीतल्या मिठातून जे थोडं मिळत होतं तेही गेलं."

मग तिनं अंडाशय काढून माझ्या हातमोज्यावर ठेवलं. एवढंसं, वाल पापडीच्या दाण्याएवढं. "चांगल्या शेळीचं कसं, उंबरासारखं टरारून असतं, पिकत आलेल्या बीजांचे फुगे दिसतात. हे बघा." मी पाहिलं. बारीक मोहरीसारखे ठिपके होते, वाढायला सुरुवात करून थांबलेले. एका बाजूला एकच मोठा फोड, पाण्यानं भरलेला. "हा फुटायला हवा होता. फुटला की बीज बाहेर येतं. हा फुटलाच नाही, तसाच बसला. गळ्यातून हुकूम येईना की सगळं शरीर मंद होतं, अंडाशयही. माज कुठून यायचा? आणि गाभण असेल तर करडाच्याही गळ्यात गाठ."

"आणि चार आणि नऊ?"

"त्यांना काय देत होतात?"

मी सांगितलं. तिनं हातमोजे काढले. "पक्कं सांगता येणार नाही मला. तेवढ्या मिठानं तरल्या असतील. तिच्या मागं बांधावर चरत होत्या, पाला कमी खाल्ला असेल, तेही असेल. पण त्या बाईनं काही वाईट केलं नाही, एवढं नक्की. कोण आहे ती?"

त्या वेळी माझ्या हातात ते अंडाशय होतं आणि मला माझा पहाटेचा पेला आठवला. नऊ वर्षं मी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घेते. रोजच्या यादीत पहिली ओळ तीच असते: गोळी. ती सुरू व्हायच्या आधी माझी पाळी तीन-तीन महिने चुकायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, सासूबाई माझ्या ताटाकडे बघायच्या. शेजारणीला सांगायच्या, ही बाहेरचं काहीतरी खाते, त्यानं होतंय. मला ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. एका डॉक्टरनं माझा गळा चाचपला, रक्त तपासलं, गोळी दिली आणि दीड वर्षानं मुलगी झाली. मी तेव्हा ठरवलं होतं की असं कुणाबद्दल बोलायचं नाही. ते ठरवलेलं कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं.

पुढचं सरळ आहे. पाला बंद, कडबा सुरू, मीठ सुरू, डॉक्टरांनी दिलेलं क्षारमिश्रण सुरू. गळ्यांवरची सूज हळूहळू उतरली. पावसाळ्यापर्यंत रकान्यांत तारखा पडू लागल्या. मुन्नी आणि काजलला तोवर करडं झाली होती, चारही जिवंत, उड्या मारणारी. मी मिलिंदबरोबर त्यातली दोन आपाकडे पाठवली. तिनं परत पाठवली. मिलिंद दारात उभा राहून म्हणाला, "आक्का, ती म्हणते, पिल्लं नकोत. गिरणीत बोलले ते गिरणीत येऊन उचला म्हणावं."

"तू सांग ना तिला, मी चुकले म्हणून."

"मी कशाला सांगू? माझं तोंड व्हतं का तिथं?"

त्या वर्षापासून बिडकीनमध्ये कुणी आपाला अर्धेलीवर शेळी देत नाही. जिनं हात लावला की शेळी वांझ होते, अशी ती झाली आहे. आता ती लसूण सोलून देण्याचं काम करते. शेळ्यांतच जन्म गेलेल्या बाईच्या दारात शेळी नाही. मागच्या महिन्यात मी तिला बसस्टँडवर लांबून पाहिलं. ओढणीच्या टोकाला गाठ नव्हती.

मी गेले नाही असं नाही. आमच्या इमारतीखालीच गिरणी आहे, तरी मी ज्वारीचा डबा स्कूटरवर घालून बिडकीनला जाते. दोन वर्षांत चौदा वेळा गेले. रांगेत उभी राहते. कधी त्या चौघींपैकी दोघीच असतात, मग वाटतं चौघी असताना बोलावं. एकदा चौघी होत्या, तेव्हा पट्टा चालू होता आणि ओरडावं लागलं असतं. मग पट्टा थांबला, आणि शांतता एवढी झाली की मला माझाच श्वास ऐकू आला. माझा नंबर आला. गिरणीवाल्यानं विचारलं, "बारीक का जाड?" मी म्हणाले, "बारीक." गरम पिठाचा डबा पायांमध्ये घेऊन पंचवीस किलोमीटर परत आले. घरात दोन महिने पुरेल एवढं पीठ नेहमी पडून असतं. मुलगी विचारते, आई, पुन्हा भाकरी?

डॉक्टर भेटली की एकच विचारते. "सांगितलंत का आपाला?" मी म्हणते, या आठवड्यात. ती मान हलवते आणि तिच्या डोळ्यांत मला बाभळीमागून पाहणारी माझीच नजर दिसते. तिचा माझ्यावर विश्वास नाही. बरोबर आहे.

भाजीवाला आता गाडी पुढं नेतोय. पाल्याचा ढीग रस्त्यावर तसाच आहे, ऊन चढलं की त्याचा वास बदलेल. त्यानं हाक मारली, "ताई, पाला न्यायचा का? फुकट हाय." मी नको म्हणाले आणि वर आले. दूध तापवलं. वही काढून उद्याची यादी लिहिली.

गोळी. गोठ्यासाठी पुडीचं मीठ, दोन किलो. सात नंबर, म्हणजे शबनम, माजावर येण्याची तारीख, बघणे. मिलिंदला टेम्पोबद्दल फोन. फोन आत्ताच केला, त्यावर खूण झाली.

शेवटची ओळ गेल्या दोन वर्षांच्या प्रत्येक यादीतून उतरवून घेतलेली आहे: बिडकीन, गिरणी, चौघींसमोर, मोठ्यानं. तिच्यापुढचा चौकोन कोरा आहे. ज्वारीचा डबा भरून दाराशी ठेवला आहे.